रोज ध्यानाला बसतो, पण त्यातून नेमके काय साधते?

प्रश्न : पाणवठा

गेले सात महिने मी रोज सकाळी २० मिनिटे ध्यानाला बसतो आहे. मधले चार-पाच दिवस सोडले तर त्यात खंड पडलेला नाही. पद्धत साधीच आहे : ताठ बसायचे, डोळे मिटायचे, नाकपुडीशी जाणवणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवून एक ते दहा मोजायचे आणि दहा झाले की पुन्हा एकपासून सुरुवात करायची. पहिले काही आठवडे उत्साहात गेले. आता मात्र बहुतेक वेळा भानावर येतो तेव्हा मोजणी तेवीस-चोविसावर गेलेली असते आणि आदल्या दिवशीच्या एखाद्या वादात जी उत्तरे वेळेवर सुचली नव्हती ती मनात मोठ्या तयारीने रचली जात असतात.

ध्यानात प्रकाश दिसल्याचे, नाद ऐकू आल्याचे, देहभान हरपल्याचे अनेकांकडून ऐकतो. माझ्या वाट्याला आजवर यातले काहीही आलेले नाही. पायाला मुंग्या तेवढ्या नेमाने येतात. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ध्यानाचा आध्यात्मिक लाभ म्हणतात तो नेमका कोणता? आणि रोजच्या जगण्यात काही फरक पडत असेल, तर तो कशावरून ओळखावा? डोळे मिटून बसण्याची मला केवळ सवय जडली आहे की काय, अशी शंका आता येऊ लागली आहे.

प्रतिसाद १ : सांजवेळ

तुम्ही जे तक्रार म्हणून लिहिले आहे, तेच मला तुमच्या प्रश्नातले सर्वांत आश्वासक वाटले. मोजणी तेविसावर गेल्याचे तुमच्या लक्षात आले, हाच त्या २० मिनिटांतला कामाचा क्षण होय. पतंजलींनी धारणा आणि ध्यान यांत फरक केला आहे. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा आणि त्याच एका प्रत्ययाची, म्हणजे जाणिवेची, धार न तुटता चालू राहणे हे ध्यान. अष्टांगांत धारणा सहावी येते आणि ध्यान सातवे. त्या काटेकोर अर्थाने आपण बहुतेक जण ध्यान करतच नाही, धारणेचा सराव करतो, आणि चित्त सुटणे व पुन्हा बांधणे हेच त्या सरावाचे स्वरूप आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण असल्याचे गाऱ्हाणे अर्जुन मांडतो, तेव्हा श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत; अभ्यास आणि वैराग्य यांनी मन आवरता येते, एवढेच सांगतात.

आता आध्यात्मिक लाभाविषयी. मराठीत आपण सहजपणे ‘मला राग आला’, ‘मला कंटाळा आला’ असे म्हणतो. म्हणजे राग कुठून तरी येतो, आणि तो ज्याच्याकडे येतो तो ‘मी’ त्याहून वेगळा असतो. भाषेने हे केव्हाच ओळखलेले आहे. प्रत्यक्ष राग आला की मात्र आपण ते विसरतो आणि नखशिखान्त राग होऊन बसतो. रोज श्वासाजवळ बसून विचार येताना आणि जाताना पाहिले की हा भेद हळूहळू अनुभवाचा होऊ लागतो. परंपरेत यालाच साक्षीभाव म्हणतात. प्रकाश आणि नाद यांच्यापेक्षा मला हा लाभ फार मोठा वाटतो.

व्यवहारातला फरक माझ्यापुरता सांगते. माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न ती एका सकाळीत दहा-बारा वेळा विचारते. पहिल्या तीन वेळा मी नीट उत्तर देत असे, चौथ्या वेळी माझा आवाज चढत असे, आणि तिचा चेहरा उतरला की मग दिवसभर मला अपराधी वाटत असे. ध्यानाला बसू लागल्यावर वर्षभराने कधीतरी लक्षात आले की आवाज चढण्याच्या आधी माझा जबडा आवळला जातो. तो आवळलेला मला आधी कधी जाणवलाच नव्हता. आता जाणवतो, आणि बरेचदा तेवढ्यानेच सैल पडतो. मी फार सोशिक झाले आहे असे मुळीच नाही. आठवड्यातून एकदा तरी अजूनही खेकसतेच. पण ही खूण बैठकीत नव्हे, स्वयंपाकघरात सापडली, म्हणून तुम्हीही बैठकीबाहेर शोधावी असे सुचवते.

प्रतिसाद २ : मोजमाप

वरील प्रतिसाद मनापासून आवडला. तरी ध्यानाच्या लाभांविषयी इतके काही बोलले जाते की संशोधनातून प्रत्यक्षात किती हाती लागले आहे, हेही पाहून घ्यावे. आजाऱ्यांसाठी ध्यानावर आधारित आठ आठवड्यांचा शिस्तबद्ध अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला, आणि पुढचे बरेचसे संशोधन त्याच्याभोवती झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि सुमारे ३,५०० सहभागी यांचा विचार केला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा आणि माफक सुधारणा आढळली. झोप, एकाग्रता आणि वजन यांबाबत मात्र पुरावा तोकडा होता, आणि व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस असल्याचेही दिसले नाही.

२०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटालोप्राम या नेहमीच्या औषधाच्या जवळपास बरोबरीने उपयोगी ठरला. मात्र त्यात रोज ४५ मिनिटांचा घरचा सराव अपेक्षित होता, आणि कुणीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषध बंद करावे असा त्याचा अर्थ होत नाही. ध्यानाने मेंदूची रचनाच पालटते, हा दावा मात्र जपून घ्यावा : त्याच वर्षी अधिक काटेकोरपणे केलेल्या एका अभ्यासात आठ आठवड्यांनंतर असा बदल आढळला नाही.

शरीरात घडते ते समजायला सोपे आहे. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात, आणि शरीर लढण्या-पळण्याच्या पवित्र्यातून बाहेर येते. त्यात गूढ काही नाही, आणि म्हणून त्याचे मोल कमी होते असेही मला वाटत नाही.

प्रतिसाद ३ : उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. ध्यानाने माणूस शांत होतो हे खरे, पण ती शांतता कशाच्या कामी येते हेही पाहावे लागते. एका नोकरीत माझ्यावर उघड अन्याय होत असताना मी दोन वर्षे रोज पाऊण तास ध्यान करून तो सोसण्याची ताकद कमावली. खरे तर पहिल्या सहा महिन्यांतच राजीनामा द्यायला हवा होता. राग येत होता तो योग्यच होता. मी त्याला साक्षीभावाने पाहत राहिलो आणि त्याचे म्हणणे काही ऐकले नाही. ‘सांजवेळ’ यांचा आवळलेला जबडा सैल पडतो हे चांगलेच आहे, पण कधी कधी जबडा आवळण्यामागे सबळ कारण असते.

प्रकाश आणि नाद यांबद्दल एवढेच म्हणेन की सिद्धी या समाधीच्या वाटेतल्या अडचणी आहेत, हे स्वतः पतंजलींनीच सांगून ठेवले आहे. ज्याला त्या दिसत नाहीत, त्याची एक अडचण तरी वाचली. याउलट डोळे मिटताच ज्यांना जुन्या आघातांच्या आठवणी घेरतात किंवा धडकी भरते, त्यांनी नेटाने बसून राहू नये. डोळे उघडावेत, वेळ कमी करावा, चालताना पावलांकडे लक्ष द्यावे, आणि त्रास टिकून राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

प्रतिसाद ४ : पाणवठा

सर्वांचे आभार. ‘उंबरठा’ यांचा प्रतिसाद वाचून थोडा चपापलो, कारण वादातली न सुचलेली उत्तरे मी ज्या व्यक्तीसाठी रचतो ती गेले सात महिने एकच आहे. तिच्याशी एकदा समोरासमोर बोलणे मी टाळतो आहे, हे मला बैठकीत दिसत होते. मी त्याला व्यत्यय समजून पुन्हा एकपासून मोजू लागत होतो. बोलणे कसे होते ते पुढे लिहीन. तोवर एक किरकोळ शंका : पायाच्या मुंग्यांचे काय करावे?

प्रतिसाद ५ : सांजवेळ

‘उंबरठा’ यांचा मुद्दा मान्य आहे. आईच्या बाबतीत जबड्याकडे कारण नव्हते, पण इतर दोन-तीन ठिकाणी असावे, असे आता वाटते.

मुंग्या येतात त्या बहुधा मांडी घातल्यावर पायाच्या नसा दबल्यामुळे. खाली घोंगडीची जाड घडी घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर येईल आणि पायांवरचा दाब कमी होईल. तरीही जमले नाही, तर सरळ खुर्चीवर बसा. त्यात कमीपणा काहीच नाही. मी तीन वर्षे खुर्चीवरच बसते, फक्त पाठ टेकत नाही. उठण्यापूर्वी पाय हलवून घ्या. बधिर पायावर एकदम उभी राहून मी एकदा तोल जाऊन पडले आहे, तेही नुकतीच अतिशय सजग झाल्याच्या समाधानात.