शब्दचर्चा: आदोळी, कोयती, काती यांना मराठीत काय लिहावं?

विचारणा, डिचोली (गोवा):
जुन्या घरांतली अवजारं एका ठिकाणी मांडून प्रत्येकाखाली मराठी पाटी लावायची आहे. पहिल्या मसुद्यात सगळी पाती चार नावांत बसवली गेलीत: सुरी, चाकू, विळी, कोयता. त्यात रेंदेराची, म्हणजे माडावर चढून माडी काढणाऱ्याची, काती 'सुरी' झाली आणि आदोळी 'विळी'. हे पटत नाही. तीन गोष्टी विचारतो. आदोळी हा शब्द मराठी पाटीवर चालेल का? कोयता आणि कोयती यांत फक्त आकाराचा फरक आहे का? आणि 'पाणी देणं', 'पाजवणं', 'परजणं' हे एकाच कामाचे शब्द आहेत का?

फोंड्याहून:
आदोळी बेलाशक लिहा. पेडण्यापासून पलीकडे सावंतवाडी-मालवणात तिला आडाळो म्हणतात, घाटावर विळी. शब्द तीन असले तरी वस्तू एक आहे, तेव्हा पाटीवर 'आदोळी (विळी)' असं आलं की कोणीही वाचक अडणार नाही.

'सुरी' मात्र तिला म्हणता येत नाही. सुरीचं पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. आदोळीचं पातं पाटात घट्ट रोवलेलं असतं, पाटावर पाय असतो, धार कापणाऱ्याकडे असते आणि दोन्ही हातांनी भाजी तिच्यावर ढकलायची असते. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणूनच फणस, कोहळा, मोठा इसवण (सुरमई मासा) असला माल तिच्यावर पेलतो. टोकाला गोल, दातेरी चकती असते, ती नारळ कांतायला. मराठीत आपण खवणं म्हणतो, कोंकणीत कांतप.

पाटीवर भाग दाखवणार असाल तर पाट, पातं, खाच, पाचर आणि खवणी एवढे पुरेत. बिघाड बहुतेक वेळा खाचेतच होतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, खाच सैल पडते आणि पातं डुगडुगायला लागतं. अशा आदोळीवर कापताना भाजी दाबली की पातं बाजूला कलतं आणि बोट जातं. खिळा ठोकून उपयोग नाही, पाट चिरतो. सुक्या लाकडाची पातळ पाचर पात्याच्या पाठीकडून मारायची, धारेकडून नाही.

म्हापशाहून:
कोयता आणि कोयती यांत आकाराचा फरक आहे, पण कामाचाही आहे. कोयता जड असतो, त्याचं वजन टोकाकडे झुकलेलं असतं, कारण तो घाव घालायचा आहे. हात उचलायचं काम करतो, तोडायचं काम वजन करतं. कोयती हलकी, पुढे वळलेली. फांदी ओढून घ्यायला, झावळ साफ करायला, कुंपणाचे डांभे तासायला. कोकणात ती कमरेमागे आकडीत अडकवतात. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, त्यासाठी.

शब्दाचं मूळ दूर शोधायची गरज नाही. कन्नडात 'कोय्' म्हणजे कापणं, कापणी करणं. कारवारच्या बाजूला हे क्रियापद बोलण्यात ऐकू येतं. अडकित्त्यातली 'अडके'ही कन्नडच, अर्थ सुपारी. कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, मुलखात सुपारीचं हत्यार कन्नड नाव घेऊन यावं यात नवल नाही.

एक सावधगिरी. घाटावरचा वाचक 'कोयता' वाचून ऊसतोडणीचा रुंद पात्याचा कोयता डोळ्यांसमोर आणतो. तिथे हा शब्द माणसांनाही लागतो: ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच हिशेबानं ठरते. तेव्हा पाटीवर 'माडाच्या कामाचा कोयता' असं लिहिलं तर घोटाळा होणार नाही.

डिचोली:
आभार. आणि काती?

म्हापशाहून:
काती 'काती'च राहू द्या. रेंदेर हा शब्द पोर्तुगीज 'रेंदैरू'वरून आला, म्हणजे खंडानं, मक्त्यानं घेणारा. पण त्याच्या हातातलं पातं कत्ती-काती या जुन्या घराण्यातलं. घाव घालणं हे तिचं काम नाही, तासणं आहे. माडाची पोय (फुलोरा) वाखानं किंवा झावळीच्या पट्टीनं आवळून बांधतात, हलक्या हातानं ठोकून मऊ करतात आणि मग तिच्या टोकाचा पापुद्र्याएवढा काप रोज काढतात. दिवसातून तीनदा चढायचं, त्यातली दुपारची खेप मुख्यतः तासण्यासाठी. काप स्वच्छ निघाला तरच सूर (माडी) झिरपत राहते. बोथट पात्यानं पेशी चिरडल्या जातात, तोंड बुजतं, थेंब मंदावतात. काप जाड घेतला तर पोय लवकर संपते. म्हणून कातीचं पातं रुंद पण धारेकडे अगदी पातळ ठेवलेलं असतं. तिनं सुकं लाकूड तोडायला घेतलंत तर पहिल्याच घावात धारेला खांडं पडेल.

मडगावहून:
'सुरी' आणि 'चाकू' या दोघांना एकमेकांच्या जागी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. सुरी संस्कृत 'छुरिका', 'क्षुर' या घरातली. अमरकोशात छुरिकेला 'असिपुत्री' आणि 'असिधेनुका' असे पर्याय दिले आहेत: तलवारीची लेक. चाकू तुर्की-फारसीतून आला आणि जुन्या मराठीत तो मुख्यतः मिटणारा, खिशात राहणारा, बोरू तासायचा. लाकडी मुठीचं सरळ स्वयंपाकघरातलं पातं तुमच्याकडे असेल तर सुरी लिहा. पातं मुठीत मिटत असेल तर चाकू. वस्तराही फारसीच, 'उस्तुरा'.

गोव्याच्या जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट फार सुंदर दिसते. चमचा कुलेर झाला, काटा गार्फ झाला, दोन्ही पोर्तुगीज. पण कापायचं ते सुरीच राहिलं. घरात जी वस्तू आधीपासून होती तिचं नाव टिकलं. पोदेराचा (पाववाल्याचा) कातरो पाव घ्या: पाव हा शब्द पोर्तुगीज, पण पिठाच्या गोळ्याला दिलेला छेद आपल्या 'कातरणं'तला. चिरेखाणीत उलटं आहे. तिथलं पिकांव (कुदळीसारखं अवजार) सरळ पोर्तुगीज, त्याला अवजारासकट परकं नाव लागलं.

तलवारींचा प्रश्न तुमच्या मांडणीत नाही, तरी एक जोड. युरोपातून समुद्रमार्गे आलेली लांब सरळ पाती इथल्या मुठींत बसवली जात, त्या तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणत. १५१० नंतर गोवा हे अशा मालाचं मोठं दार होतं. पातं परकं आणि मूठ इथली, असं जोडकाम मराठी शस्त्रांत सर्रास दिसतं.

फोंड्याहून:
आता 'पाणी', 'पाजवणं', 'परजणं'. तिन्ही कामं वेगळी आहेत, आणि पाटीवर चूक होऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाणी देणं हे भट्टीतलं काम. पातं ठोकून घडवलं, कानशीनं आकारात आणलं, की धारेचा भाग केशरी-लाल होईपर्यंत तापवतात. लोहचुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअस, की त्याच्या किंचित वर नेऊन ते विझवायचं. आज कोयते बहुधा ट्रकच्या कमानपट्टीचे करतात. त्या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, ते तेलात विझवलेलं बरं. थेट गार पाण्यात घातलं तर बारीक चीर पडते आणि ती दिसते पहिल्या घावानंतर. विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा हळू तापवून उतरवायचं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायचा. घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग चढत जातो: फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. सुरीसाठी पिवळ्यावर, साधारण २२० ते २४० अंशांवर थांबायचं. कोयत्यासाठी तपकिरी-जांभळ्यापर्यंत, २६० ते २८० अंश. धार वळत असेल तर पाणी कमी पडलं, तुकडे उडत असतील तर उतरवलं कमी. कोरड्या फिरत्या सहाणेवर पातं दाबून धरलं की धार निळी पडते. ते पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती धार पुन्हा टिकत नाही.

जुने कोयते मात्र सगळे पोलादाचे नसत. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेत 'तिखें' म्हणजे पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडलेली. 'तिखें' हा 'तीक्ष्ण'चाच अवतार आणि जुना अस्सल शब्द. 'पोलाद' फारसी आहे. तुमच्याकडच्या एखाद्या कोयत्याच्या धारेलगत रंगाची वेगळी रेघ दिसली तर ती जोड आहे, पाटीवर जरूर लिहा. वर्षानुवर्षं घासून ही पट्टी झिजून संपते आणि मग कितीही धार लावा, तासाभरात बोथट. लोहार नवी पट्टी घालतो तेव्हाच ते पातं पुन्हा कामाला येतं.

पाजवणं म्हणजे धार लावणं, घरी दगडावर करायचं. दगड ओला हवा. सुरीला प्रत्येक बाजूनं १५ ते २० अंश, कोयत्याला २५ ते ३०. एका बाजूनं घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कड लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. ती कड जाणवायच्या आधीच बाजू बदलली तर दोन्हीकडचे उतार टोकाला भेटत नाहीत. धार चकाकते पण कापत नाही.

शब्दाची गंमत अशी की 'पाणी पाजणं' आणि 'पाजवणं' एकाच मुळाशी जातात. सुश्रुतसंहितेत शस्त्राला दिलेल्या पाण्याला 'पायना' म्हणजे पाजणं असाच शब्द आहे आणि ती तीन प्रकारची सांगितली आहे: क्षार, पाणी आणि तेल. क्षाराची बाण, शल्य आणि हाड कापायला, पाण्याची मांसासाठी, तेलाची शीर वेधायला आणि स्नायू कापायला. धारही कामाप्रमाणे: भेदनासाठी (फोडायला) मसुराएवढी, लेखनासाठी (खरवडायला) अर्ध्या मसुराची, वेधनासाठी (टोचायला) केसाएवढी, छेदनासाठी (कापून काढायला) अर्ध्या केसाची. घासायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार बसवायला सावरीची फळी. हे सगळं धार लावायच्या दगडाच्या आपल्या 'निसणा' आणि 'सहाण' या शब्दांत शिल्लक आहे: निसणा 'निशान'वरून, सहाण 'शाण'वरून.

परजणं निराळं. हत्यार वार करायच्या तयारीनं धरणं, फिरवणं. 'तलवार परजून उभा' यात दगडाचा संबंध नाही. धार लावणं या अर्थानं आज वापरतात, पण पाटीवर 'पाजवणे' लिहिलंत तर नेमकं होईल.

मडगावहून:
परजणं हल्ली दोन्ही अर्थांनी रूढ झालंय, त्याला चूक म्हणू नये. पाटीसाठी पाजवणं योग्य, एवढं मान्य.

पेडण्याहून:
विळा राहिला. त्याला दाते का, हे पाटीवर एका ओळीत यावं. भाताच्या काडात सिलिका असते, ती गुळगुळीत धार लवकर खाते. दाते असले की काड घसरत नाही आणि टोकं झिजली तरी खाचा कापत राहतात. दाते तिकोनी कानशीनं एकाच बाजूनं पाडतात आणि ते मुठीकडे कललेले असतात, कारण विळा ओढायचा असतो. दात्यांच्या बाजूनं दगड लावू नका, सपाट बाजूनंच फिरवा, नाहीतर दाते जातील.

ही युक्ती लोखंडाहून जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कॅल्सेडनी दगडाची लांब समांतर पाती सापडली आहेत. अशी छोटी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत राळेनं ओळीनं बसवली की विळा तयार. तुटलेलं पातं तेवढंच बदलायचं. धान्याचं काड कापून अशा पात्यांवर खास चमक चढते, त्यावरून त्यांचं काम ओळखतात. तांबं त्या काळात होतं, संगमनेरजवळच्या जोर्वे इथे तांब्याच्या सहा कुऱ्हाडी मिळाल्या, पण रोजची धार दगडाचीच.

काणकोणहून:
मांडणीआधी एक विनंती. जुनी पाती चकचकीत करण्यासाठी चिंच किंवा लिंबू लावू नका आणि नवी धारही काढू नका. आम्ल गंजाबरोबर खालचा धातूही खातं. सुती फडक्यानं कोरडा गंज पुसा, पातं उन्हात तासभर तापू द्या आणि मशीन तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. मुठीत शिरलेल्या भागाकडे जास्त लक्ष द्या. कडीखाली पाणी साठतं आणि बाहेरून धड दिसणारा कोयता आतून खाल्लेला निघतो. मूठ हातानं फिरवून पाहा. किंचित जरी हलली तर पातं भिंतीवर टांगू नका, आडवं ठेवा.