उजवं स्टिअरिंग म्हणजे इंग्लंडची गाडी नव्हे
लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी या १९५०च्या दशकातल्या इटालियन गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ती इंग्लंडसाठी बनवलेली, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. लान्चिया खुद्द इटलीतही उजव्या स्टिअरिंगच्याच गाड्या विकायची, जुनी खोड. बी२० ला डावं स्टिअरिंग मिळालं ते १९५४ च्या चौथ्या मालिकेत (मालिका म्हणजे त्याच गाडीची सुधारित आवृत्ती). त्यामुळे पहिल्या तीन मालिकांची गाडी डाव्या स्टिअरिंगची दिसली, तर उलट तिथेच चौकशी करावी.

गिअरचा दांडा जमिनीवर आहे म्हणजे छेडछाड झालीय, हेही सरसकट पटत नाही. कारखान्यातून दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच यायचा, हे खरं. पण लान्चियाच्याच तूरिन शहरातल्या नार्दी कंपनीचा जमिनीवरच्या गिअरचा संच त्या काळी हौशी मालक बसवून घेत, आणि आज तो खरा त्या काळातला निघाला तर किंमत घटत नाही, वाढतेच. अडचण एवढीच की नकलाही फिरतात.

मालिकांचं म्हणाल तर मला चौथी आवडते: २४५१ सीसीचं व्ही६ इंजिन आणि मागे द दिओं अॅक्सल (मागची दोन्ही चाकं एका नळीने जोडणारी रचना), त्यामुळे वळणावर मागचं टोक अचानक घसरत नाही. सुरुवातीच्या १९९१ सीसीवाल्या हलक्या, त्यांचा मान वेगळा. १९५१ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत ब्राक्को या चालकाने तसलीच गाडी दुसरी आणली, पुढे होती फक्त ४.१ लिटरची फेरारी!