मदत हवी आहे: निबंध बक्षिसावर की मानशीवर?

आम्ही गोव्यातल्या चोडणचे. लेक बारावीत आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) निबंधाला कमाल ६५० शब्द. शिक्षक म्हणतात, विज्ञान प्रदर्शनातल्या बक्षिसावर लिही. पण ते तर अर्जात दुसरीकडे येतंच ना? तिला लिहायचंय खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीतल्या, मानशीवर. मानशी म्हणजे बांधातली पाण्याची दारं. लहानपणी ती आजोबांसोबत बांधावर बसायची. भरती आली की पाण्याच्या जोराने दारं आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची आणि खारं पाणी भातात शिरत नसे. हे सांगायला लागली की ती थांबत नाही. मला काळजी एवढीच, की निबंध आजोबांचाच होईल, ती त्यात दिसणारच नाही. कुणाच्या मुलांनी असं लिहिलंय का? तिने स्वतःला त्यात कसं आणावं?