‘डोकं शाबूत असेल तर जुगार बुडवत नाही’ म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी:
काल ‘पत्तेबाज’ यांनी लिहिलं, "जुगारात बुडतात ते अडाणी आणि हावरट. आकडे टिपा, लय ओळखा, वेळेवर उठा, नशीब तुमच्या मुठीत येतं." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून संताप झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा थोरला भाऊ नेमकं हेच करायचा. अडाणी नव्हता, हिशेबनीस होता. रूलेट म्हणजे फिरत्या चक्रात चेंडू कुठल्या आकड्याच्या घरात थांबतो यावर पैसे लावायचे. त्याची प्रत्येक फेरी तो वहीत टिपायचा. लाल आकडा लाल शाईने, काळा निळ्या शाईने, शून्य आलं की त्याला चौकट. अशा अकरा वह्या. राहतं घर गेलं तेव्हा त्या मी माझ्याकडे आणल्या. शेवटच्या पानापर्यंत अक्षर सुबक आहे.

चेंडूला मागची फेरी आठवत नसते हो. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत ओळीने २६ वेळा काळा रंग आला. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि धुऊन निघाले. टेबलाशेजारी मागचे आकडे दाखवणारा फलक कोण लावतं? कॅसिनोचा मालक. त्या आकड्यांनी त्याचा तोटा होत असता तर त्याने तो एक रात्र तरी ठेवला असता का?

पत्तेबाज:
भावाचं वाईट वाटलं. पण मी फक्त रूलेटबद्दल बोललो नव्हतो. ब्लॅकजॅकमध्ये गेलेले पत्ते ध्यानात ठेवले तर पारडं खेळणाऱ्याकडे झुकू शकतं, हे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये मांडून दाखवलं. त्यात तथ्य नव्हतं, तर पत्ते मोजणाऱ्यांना कॅसिनोवाले बाहेर का काढतात? सगळे खेळ एकाच मापाने मोजू नका.

रात्रपाळी:
थॉर्प यांचं मान्य. गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणून तिथे मागच्याचा पुढच्याशी संबंध असतो. पण ‘लय ओळखा’ हे शब्द तुमचेच आहेत, आणि मोजणीला कोणी लय म्हणत नाही. रूलेटमध्ये दर फेरीला तीच ३७ घरं, आणि आकडा लागला तर नफा ३५ पट. लावलेल्या शंभरातले सरासरी २.७ मालकाकडेच राहतात. त्यात तुमची लय कुठे बसते, सांगा.

चौकटराणी:
मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांचा १९७५ चा प्रयोग इथे सांगायलाच हवा. एक डॉलरचं लॉटरीचं तिकीट. काहींनी स्वतः निवडलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. मग विचारलं, केवढ्याला विकाल? हातात ठेवलेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले, स्वतः निवडणाऱ्यांनी ८.६७. लागण्याची शक्यता दोघांची सारखीच!

माझे वडील हे पुस्तकाशिवाय दाखवायचे. मोठं दान हवं असेल तर मूठ कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि फासा जोरात फेकायचा. लहान हवं असेल तर तो पटावर जवळजवळ ठेवायचाच. पुढे कळलं, अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या टॅक्सीचालकांत समाजशास्त्रज्ञ जेम्स हेन्सलिन यांनी अगदी हेच पाहून १९६७ मध्ये लिहून ठेवलंय.

उलटतपासणी:
तुम्ही तर ‘आपल्या हातात काही असतं’ ही कल्पनाच झोडपायला निघालात. अ‍ॅलॉय आणि अ‍ॅब्रॅमसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ चा प्रयोग घ्या. बटण दाबल्यामुळे दिवा लागतो का, हे खिन्न विद्यार्थ्यांनी जास्त अचूक ओळखलं. बाकीच्यांना वाटलं, दिवा आपणच लावतोय. मग सगळ्यांनी खिन्न व्हायचं का? थोडा भ्रम नसेल तर माणूस नोकरीचा अर्जसुद्धा करणार नाही.

आणि माझं खरं दुखणं वेगळं आहे. आता सगळ्यालाच आजार म्हणायचं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीग्रंथात २०१३ मध्ये जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात बसवलं. माझ्या साडूने माझ्याकडून तीनदा पैसे उचलले, दर वेळी ‘मी आजारी आहे’. असेल आजार. पण कर्जाच्या कागदावर सही त्याचीच होती ना?

उंबरठा:
आमच्या कागदावर सही माझी होती. नवऱ्यासाठी केलेली.

त्याला स्लॉट मशीनचा नाद. दोन चित्रं जुळायची आणि तिसरं रेषेच्या जरासं वर थांबायचं. तो कधी ‘हरलो’ म्हणाला नाही, ‘हुकलं’ म्हणायचा. इंगे टेलनेस यांचं १९८४ चं पेटंट वाचा. डोळ्यांना दिसणारं चक्र वेगळं आणि निकाल ठरवणारं आतलं अदृश्य चक्र वेगळं. त्यामुळे मोठ्या चित्राच्या शेजारची घरं कितीतरी जास्त वेळा समोर आणता येतात. थांबवण्याचं बटण तो अंगठ्याने ‘वेळ साधून’ दाबायचा. घरी टेबलाच्या कडेवर सराव करायचा! बऱ्याच मशीनांत निकाल चक्र फिरायला लागतानाच ठरलेला असतो. ते बटण फक्त चित्र थांबवतं.

उलटतपासणी:
म्हणजे दोष मशीनचा. माणूस सुटला.

उंबरठा:
असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. ‘मला आत घेऊ नका’ म्हणून त्याने कॅसिनोकडे स्वतः नाव नोंदवलं, खात्यांचे पासवर्ड माझ्या हवाली केले. ‘आज सावरून खेळेन’ हे अनेक वर्षं बोलून झालं होतं. त्यातून एकदाही सावरणं झालं नाही. आत गेल्यावर आपलं काही चालत नाही, हे त्याने मान्य केलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा महिनाअखेरीस पगार शिल्लक राहिला. जबाबदारी घेणं म्हणजे आणखी काय असतं?

चौकटराणी:
उलटतपासणी, साडूचा राग इथे का काढताय?

उलटतपासणी:
राग आहेच. आणि त्याने यातलं काहीही केलेलं नाही, म्हणून राहणार. पण सहीचं बोललो ते उंबरठा यांच्यासाठी नव्हतं. तेवढं मागे घेतो.

पत्तेबाज:
मीही ‘लय’ मागे घेतो. पत्ते मोजण्याचं नाही. रात्रपाळी, एक विचारू? अकरा वह्यांत भावाचा अंदाज एकदाही खरा ठरला नाही?

रात्रपाळी:
ठरला की, पुष्कळदा. खरा ठरला की तो आकड्याखाली दोन रेघा मारायचा. चुकला की खूण नाही, सरळ पुढचा आकडा. वही कुठूनही उघडा, नजर त्या दुहेरी रेघांवरच जाते.