एकाच घरात दोन एकादश्या: तिथी एकदाची एकच का ठरवत नाही?

कोपऱ्यातला
वडील माळकरी, त्यांची एकादशी भागवत, म्हणजे वारकऱ्यांची. आई बाकीच्यांची, स्मार्त धरते, माहेरचं वळण. एरवी दोघांचा दिवस एकच असतो, पण वर्षातून काही वेळा कॅलेंडरात लागोपाठच्या चौकोनांत 'स्मार्त' आणि 'भागवत' छापून येतं आणि आमच्या घरी दोन दिवस उपासाचा स्वयंपाक चालतो. शेजारी तिसराच, तो मोबाइलवरच्या ॲपचं ऐकतो.

लक्ष्मीपूजनाचंही तेच. २०२४ साली काशीकडे ३१ ऑक्टोबर, आपल्याकडे १ नोव्हेंबर. आकाशात चंद्र एक, मग अमावास्या दोन कशा? माझं म्हणणं साधं आहे. सूर्योदयाला जी तिथी असेल तीच दिवसभर धरा आणि सगळ्या देशाला एकाच ठिकाणचा सूर्योदय लावा. सण कधी हे कळायला शास्त्रीबुवा गाठावे लागू नयेत.

गणितमास्तर
साधं आहे म्हणूनच चालणार नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे कधी ती वीसेक तासांत आटोपते, तर कधी २६ तासांच्याही पुढे जाते. सूर्योदयानंतर लागली आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपली तर ती क्षयतिथी. एकादशीचा असा क्षय झाला की तुमच्या नियमाने त्या पंधरवड्यात एकादशीच नाही! आणि वृद्धी होऊन तिने दोन सूर्योदय पाहिले तर? दोन दिवस उपाशी राहणार?

संकष्टीचं बघा. तिथे चंद्रोदयाला चतुर्थी लागते. सूर्योदयाची धरलीत तर कित्येकदा पंचमीच्या चंद्राला नैवेद्य दाखवाल. गणेश चतुर्थी मध्यान्हाची, महाशिवरात्र मध्यरात्रीची, लक्ष्मीपूजन प्रदोषाचं, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेचं. कृत्य ज्या वेळेचं, त्या वेळेला ती तिथी हवी. यात घोळ कुठे आहे?

राहिला देशभर एक सूर्योदय. तो प्रयोग होऊन गेलाय. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने रेखांश ८२.५ अंश पूर्व आणि अक्षांश २३ अंश ११ कला असं एक मध्यवर्ती ठिकाण धरलं. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, राष्ट्रीय पंचांग मराठीतही निघतं. तुमच्या ओळखीत एकादशीसाठी ते उघडणारा एक माणूस दाखवा.

रिकामटेकडा
ज्या उपासाला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चार अमेरिकन पाहुणे चालतात आणि शेतातला तांदूळ चालत नाही, त्याच्या मिनिटांचा कीस कशाला पाडता? एकादशी नि दुप्पट खाशी. दोन दिवस असेल तर चौपट.

भीमाकाठी
थट्टा करा, हरकत नाही. आमच्या आजीची एकादशी पाण्यावर असायची, साबुदाण्याचं खापर तिच्यावर नको.

मूळ मुद्द्याबद्दल. सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. तेव्हा दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली, म्हणजे तिला दशमीचा वेध लागला, ती आम्ही भागवतवाले धरत नाही, दुसऱ्या दिवशी धरतो. स्मार्त इतकं ताणत नाहीत, ते सूर्योदय बघतात. कुठला सण कोणत्या दिवशी याचे निर्णय देणारा धर्मसिंधु लिहिणारे काशिनाथ उपाध्याय पंढरपूरचेच. १७९० च्या सुमारास त्यांनी निर्णय लिहिले तेव्हाही दोन्ही मार्ग होते. दोघांना एका दिवशी बसवायला ही काय सरकारी सुट्टी आहे?

चंद्रकोर
मी न्यूयॉर्कला असते. तिथी बदलते तो क्षण जगभर एकच, पण सूर्योदय ज्याचा त्याचा. भारतात उन्हाळ्यात मंगळवारी सकाळी अकराला एकादशी लागली, तर तिथे उपास बुधवारी. इथे त्या क्षणी सोमवारची रात्र उलटून मंगळवारचा दीड वाजलेला, अरुणोदय व्हायचाय, म्हणून इथे मंगळवारीच. सासूबाईंना हे पटवताना दोन वर्षं गेली. त्यांना वाटायचं मी एक दिवस आधी उरकून घेते!

त्यामुळे 'एकच सूर्योदय' म्हणणाऱ्यांना विचारायचंय, माझ्या खिडकीतला सूर्य मोजायचा की नाही?

कोपऱ्यातला
क्षयतिथीचा मुद्दा मान्य. संकष्टीचाही मान्य, सूर्योदयाचा हट्ट सोडला.

पण मास्तर, प्रदोषाचं म्हणालात म्हणून विचारतो. २०२४ ची अमावास्या ३१ तारखेला दुपारी पावणेचारनंतर लागली आणि १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाला संपली. पुण्यात सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे १ तारखेला प्रदोषात अमावास्या जेमतेम पंधरा मिनिटं. आदल्या दिवशी प्रदोष अख्खा अमावास्येचा होता, तो सोडला. आम्ही पूजा आठला मांडली, तेव्हा प्रतिपदा चालू होती. हे कुठलं 'कृत्याच्या वेळेला तिथी'?

गणितमास्तर
दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्येचा स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असा निर्णय आहे. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी तो लावला. काशीच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशीची व्याप्ती पुरेशी नाही म्हणून पहिला घेतला. गणित दोघांचं एकच, वाद वाक्याच्या अर्थाचा. आणि तिथीने सूर्यास्त ओलांडला की पुढच्या पूजेलाही ती चालते असं धरतात.

कोपऱ्यातला
म्हणजे लक्ष्मीला प्रतिपदा चालते आणि विठोबाला पहाटेची दशमी चालत नाही.

भीमाकाठी
चालत नाही. वेध आमच्या एकादशीला आहे. तुमच्या अमावास्येचं तुम्ही बघा.

रिकामटेकडा
यात लोकमान्यांनी पुरस्कारलेलं टिळक पंचांग अजून आलंच नाही. त्यातला अधिक महिना वेगळा पडला की गणपतीच महिनाभर आधी येतो. तुम्ही पंधरा मिनिटांवर भांडताय!

शिफ्टवाली
रुग्णालयात रात्रपाळी करते. पाळी संपते तेव्हा अरुणोदय झालेला असतो आणि मला झोपायचं असतं. मी स्मार्त-भागवत बघत नाही, ज्या एकादशीला सुट्टी मिळेल ती धरते. शास्त्रात बसत नाही, माहीत आहे, समजावू नका.

कोपऱ्यातले दादा, एक सांगा. घरात दोन दिवस उपासाचा स्वयंपाक चालतो म्हणालात. तो करतं कोण? आईचा उपास पहिल्या दिवशी, बाबांचा दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी आईचं पारणं असतं, द्वादशीला वेळेत जेवायचं असतं. त्या दिवशी बाबांसाठी भगर शिजवायला ती ओट्याशी उभी असेल तर तुमचा प्रश्न पंचांगकर्त्यांना विचारून सुटणार नाही.

कोपऱ्यातला
आईच करते. खरं आहे. हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चंद्रकोर
शिफ्टवालीताई, नेमकं बोललात.

भीमाकाठी
वारीत पुरुष दिंडीचा स्वयंपाक करतात, ताटंही वाढतात. घरी आल्यावर विसरतात. आमच्या घरीही तेच आहे, खोटं कशाला बोलू.

कोपऱ्यातला
काल रात्री दोघांना समोर बसवून विचारलं. आई म्हणाली, एक दिवस करायचा असेल तर यांनी माझ्याबरोबर आदल्या दिवशी धरावी. वडील म्हणाले, हिने माझ्याबरोबर दुसऱ्या दिवशी धरावी. एकच दिवस हवा यावर घरात संपूर्ण एकमत आहे.

दुसऱ्या दिवशीची भगर आता मी करणार आहे. पाणी किती घालायचं ते कुणीतरी सांगा.