अनुभव धागा: डॉक्टर हू मधली मागे राहिलेली माणसं

मोगरा_ठाणे
परवा रात्री लेकाला सोडायला टर्मिनल २ ला गेलो होतो. आत जाताना म्हणाला आई तू निघ आता, उभी नको राहूस. मी निघते निघते म्हणत तिथेच. वजनात बसत नाही म्हणून ऐनवेळी काढलेली गोधडी एका हातात, मेतकुटाची बरणी दुसऱ्या हातात आणि काखेत त्याची बॅडमिंटनची रॅकेट. आणि मला एकदम हसूच आलं. हे म्हणाले रडायचं सोडून हसतेस काय. आता ह्यांना कुठे सांगू की मला सारा जेन आठवली.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी: डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, डॉक्टर म्हणजे परग्रहावरचा काळप्रवासी, अधूनमधून त्याचा चेहरा (आणि नट) बदलतो, टार्डिस हे त्याचं यान आणि सारा जेन त्याच्यासोबत फिरणारी. १९७६ चा द हँड ऑफ फिअर. डॉक्टरला त्याच्या ग्रहावरून, गॅलिफ्रेहून बोलावणं येतं, माणसांना तिथे नेता येत नाही, म्हणून तो तिला घरी सोडतो. ती बया अशीच रस्त्यात उभी, रॅकेट, कुंडी, कापडी घुबड सगळं कवटाळून. टार्डिस गेल्यावर बघते तर हा तिचा रस्ताच नाही! तिथल्या कुत्र्याशी दोन शब्द बोलते आणि शीळ घालत चालू लागते. बास.

मी हे उलट्या क्रमाने पाहिलं. २००६ ला आम्ही इंग्लंडात स्लाऊला होतो, हे सकाळी सातला जायचे, मला सहावा महिना, ओळख कुणाची नाही. शनिवारी संध्याकाळी बीबीसी वन लावायचे कारण कुणीतरी मोठ्यांदा बोलत असलेलं बरं वाटायचं. एक दिवस स्कूल रीयुनियन नावाचा भाग लागला. मध्यमवयीन बाई (हीच सारा जेन), एका शाळेत अंधारात टार्डिससमोर येते आणि तिचा चेहरा असा होतो की मला काही संदर्भ माहीत नसताना रडू फुटलं. तीस वर्षं वाट बघितली हो तिने. आणि वर त्याला ऐकवते की तू मला सोडलंस ते क्रॉयडन नव्हतंच, ॲबरडीन होतं!! कुठे क्रॉयडन कुठे ॲबरडीन, म्हणजे दादरला सोडतो सांगून नागपूरला उतरवल्यासारखं.

तर तुम्ही सांगा. डॉक्टर नको, त्याच्यावर रोजच होतं. सोबतचे सांगा. कोण लक्षात राहिलं, कुठे पाहिलंत, कुणापायी रडलात.

पेठेतला_टाइमलॉर्ड
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून लिहितो निवांत.

गवतीचहा
मोगरा, पोरगा पोचला का?

मोगरा_ठाणे
हो गं, पोचला. मेसेज काय तर "रीच्ड". एक शब्द. तीन हजार मैलांचा एक शब्द.

कोकणी_डालेक
मी पाहिलेली नाही ही सिरीयल (आयडी बघून हसू नका, भाच्याने काढून दिलाय). पण रॅकेट काढून घेतली विमानतळावर हे वाईट झालं. आम्ही भावाला सोडायला गेलो तेव्हा दोन किलो कोकम परत घेऊन आलो होतो.

नाइटड्यूटी
ब्रेकमध्ये आहे, पटकन लिहिते. मी इकडे लेस्टरला वॉर्डमध्ये नर्स. माझी मार्था. सगळे रोज रोज करतात (रोज टायलर, तिच्या आधीची सोबतीण), मार्थाला कोणी विचारत नाही. २००७ चं सीझन. मेडिकलची स्टुडंट, आणि तो एपिसोड ज्यात डॉक्टर स्वतःला विसरून १९१३ मध्ये शाळामास्तर होऊन बसतो आणि हिला तिथे मोलकरीण म्हणून फरशा पुसाव्या लागतात. तिथली ती मेट्रन हिला म्हणते, तुझ्यासारखीला कुठे डॉक्टर होता येतं का, म्हणजे मोलकरीण आणि वर काळी. तर ही काही भांडत नाही, हात पुढे धरते आणि हाताची हाडं म्हणायला लागते, स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म... घडाघडा.
मी नवीन होते तेव्हा एका आजोबांनी मला विचारलं होतं, खरी नर्स कधी येणार. मी हसून बीपी घेतलं. मग स्टाफरूममध्ये जाऊन स्वतःशी हाडं म्हटली, सगळी सत्तावीस. बेल वाजली जाते

गवतीचहा
नाइटड्यूटी 🙏 दंडवत

पेठेतला_टाइमलॉर्ड
आलो. माझा अनुभव लाजिरवाणा आहे. हॉस्टेलला सीनियरच्या हार्ड डिस्कवर जुने सीझन होते, त्यात पाचव्या डॉक्टरबरोबर एड्रिक नावाचं कार्टं. गणितात हुशार, पिवळा कुर्ता, छातीवर गणिताचा बिल्ला, आणि सतत किरकिर. आमच्या खोलीत सगळ्यांना तो नकोसा. माझ्याच रूममेटसारखा होता, जेवायला बसला की इंटिग्रेशन. आम्ही मोठ्याने म्हणायचो मर एकदाचा.
तर १९८२ चा अर्थशॉक. मालवाहू जहाज पृथ्वीवर आदळणार, सगळे सुटतात, हा सुटू शकत असतो पण कोडं सोडवायला मागे थांबतो. आणि ते जहाज साडेसहा कोटी वर्षं मागे गेलेलं, म्हणजे डायनोसॉर मेले ते ह्याच जहाजाने. त्याचं उत्तर बरोबर होतं का हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. नंतर नेहमीचं टॅण टॅण टॅण संगीत नाही, नावं चालली आहेत नुसती, गप्प, आणि मागे तो फुटका बिल्ला. खोलीत आठ जण होतो, कोणी बोलेना. मग रूममेट म्हणाला लॅपटॉपचा आवाज गेला का रे, बघ जरा.

मुळामुठा
खिक् 😂 रूममेटचं गणित बरोबर आलं का शेवटी?

पेठेतला_टाइमलॉर्ड
बँकेत आहे. माझ्या होमलोनचा हप्ता त्यानेच काढून दिला. तो बरोबर आला, दुर्दैवाने.

निवृत्त_मास्तर
मला हे कन्येने दाखवले. मी विज्ञान शिकवत असे त्यामुळे मला पहिलेच दोघे जवळचे. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला, त्यात कोल हिल शाळेतले दोन शिक्षक आहेत, इयन विज्ञानाचा आणि बार्बरा इतिहासाची. सुझन नावाच्या विद्यार्थिनीचा गृहपाठ विचित्र येतो म्हणून तिच्या घरी चौकशीला जातात आणि अडकतात. ह्यात मला काहीच कल्पित वाटले नाही. चौकशीला गेलेला शिक्षक अडकतोच. त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, तेव्हा जेमतेम पंचविशीचे.
दोघे १९६५ मध्ये एकदाचे लंडनला परत येतात. बसमध्ये बसतात, इयन जुन्या दराने तिकीट मागतो, कंडक्टर म्हणतो कुठे होतात, चंद्रावर? दोन वर्षांत दर वाढलेला. मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा पीएमटीत बसलो (आता पीएमपीएमएल) आणि सुटे पुढे केले तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे असेच पाहिले होते.
अजून एक. २०२२ मध्ये द पॉवर ऑफ द डॉक्टरच्या शेवटी जुने सगळे सोबती गोल खुर्च्या टाकून बसतात. यात इयन आहे, नट विल्यम रसेल तेव्हा ९७ वर्षांचे. सत्तावन्न वर्षांनी तीच भूमिका, गिनीजमध्ये नोंद झाली. डॉक्टर तेव्हा बाई झालेली, तिला कोणी "ती" म्हणते तेव्हा हा म्हातारा दचकून विचारतो, ती म्हणालात का? २०२४ मध्ये ते गेले. माझे डोळे पाणावले हे कन्येला सांगितलेले नाही.

मास्तरांची_कन्या
बाबा मी इथे आहे.

मोगरा_ठाणे
😂😂😂 मास्तर सापडले

निवृत्त_मास्तर
ठीक आहे. गोळ्या घेतल्या आहेत दुपारच्या.

कार्डिफची_सून
खुर्च्यांवरून आठवलं. सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांना कार्डिफ बे ला फिरायला नेलं. तिथे मर्मेड कीच्या खाली लाकडी भिंत आहे, ती पूर्ण फोटो, चिठ्ठ्या, फुलांनी भरलेली, इयांतो जोन्स नावाच्या पोराची. तो टॉर्चवुडमधला, म्हणजे डॉक्टर हूचंच पिल्लू, २००९ ला कथेत मेला. लोकांनी तिथे फुलं ठेवायला सुरुवात केली ती अजून ठेवतात. मी फोनवर बोलत होते, मागे वळून बघते तर सासूबाई चपला बाजूला काढून हात जोडून उभ्या. काय गं वय होतं पोराचं, म्हणाल्या. मी सांगितलं अहो आई तो खरा नाही, सिरीयलमधला आहे. थोडा विचार केला त्यांनी आणि म्हणाल्या, मग काय झालं, इतक्या लोकांना वाईट वाटलंय ना. आणि पर्समधली खडीसाखरेची पुडी काढून ठेवली तिथे.
सीगलने दोन मिनिटांत पळवली.
(रोज टायलरचा तो समुद्रकिनारा, जिथे डॉक्टर तिचा निरोप घेतो, बॅड वुल्फ बे, तोसुद्धा इथूनच जवळ आहे, सदर्नडाउन. कथेत नॉर्वे म्हणतात. वारा असा की प्रेमाचं काय, साधं वाक्य पूर्ण होत नाही. डॉक्टर बिचारा "रोज टायलर..." म्हणून अर्ध्यात गायब होतो त्यात नवल नाही.)

गवतीचहा
सासूबाईंना नमस्कार सांग 🙏🙏

कोकणी_डालेक
हे डालेक म्हणजे नक्की काय? भाचा म्हणतो मिरपूड शिंपडायची बाटली. मग मला ते नाव का दिलं त्याने

मुळामुठा
काका जिना चढायला नको म्हणता का तुम्ही?

कोकणी_डालेक
गुडघे दुखतात हो माझे

मुळामुठा
मग झालं 😂 डालेक म्हणजे डॉक्टरचे शत्रू, जिना चढता येत नाही म्हणून लोक त्यांना हसायचे. पण १९८८ ला डालेक जिना चढलाय काका, उगाच कारणं देऊ नका. त्याच कथेत एस नावाची पोरगी आहे, जाकीटभर बिल्ले, घरगुती स्फोटकं पाठीवर घेऊन फिरते, ती बेसबॉलच्या बॅटने डालेकला झोडपते. माझ्या बहिणीचं दैवत. बहिणीने गल्लीत एकाच्या स्कूटीवर क्रिकेटची बॅट घातली होती त्याला ती आजही "एस केलं" म्हणते. कारण योग्य होतं, जास्त सांगत नाही.

गवतीचहा
मी लिहू का नको करत होते. माझी डोना. लंडनच्या चिझिकची टेम्प (हंगामी ऑफिसवाली), कर्कश, कुणाचं ऐकून न घेणारी, मी कॉलसेंटरला होते तेव्हा अगदी अशीच. २००८ च्या सीझनच्या शेवटी तिच्या डोक्यात डॉक्टरचं सगळं ज्ञान जातं, ते राहिलं तर ती मरेल, म्हणून तो तिची आठवण पुसतो. आणि ती हात जोडून नको नको म्हणत असते. मग पुढच्या क्षणी घरात फोनवर मैत्रिणीशी बडबडत असते आणि डॉक्टरकडे बघून नुसतं हं, ओके करते. जगातली सगळ्यात भारी बाई आणि तिला ते माहीत नाही, माहीत असतं ते तिच्या आजोबांना.
त्या विल्फ्रेड आजोबांवर माझा सगळा जीव. टेकाडावर दुर्बीण लावून बसलेले. पावसात डॉक्टरला सांगतात की रोज रात्री तारे निघाले की मी तिच्या वतीने वर बघेन.
आईला आता तीन वर्षं झाली. मला ताई म्हणते, तिची मोठी बहीण समजून. शाळेत तालुक्यात पहिली आली होती, दोरीवरच्या उड्यांत बक्षीस होतं, घरावर पत्रे चढवले तेव्हा स्वतः शिडीवर उभी होती. ह्यातलं तिला काही नाही. संध्याकाळी तिचं डोकं विंचरताना मी तिलाच सांगते एकेक. ती म्हणते अय्या, कोण होती गं ही बाई. मी म्हणते होती एक आपल्यातली.
डोनाला २०२३ ला परत आणली ना, सगळं आठवलं, जगली पण. मी तो भाग मध्येच बंद केला. पुन्हा लावला नाही.

मोगरा_ठाणे
गवती, रात्री फोन करते. जागी राहा.

नाइटड्यूटी
शिफ्ट संपली, बसमध्ये आहे. गवती, तेल लावून विंचरतेस का? आमच्याकडच्या आज्यांना खोबरेल तेलाचा वास आला की पाचेक मिनिटं तरी शांत वाटतं. औषध नाही, मी आपलं सांगते.
विल्फ्रेड म्हणजे बर्नार्ड क्रिबिन्स २०२२ ला गेले पण त्या २०२३ वाल्या भागांत आहेत एकदा, व्हीलचेअरवर. ते तेवढं बघ हवं तर. वाइल्ड ब्लू यॉन्डरचा अगदी शेवट.

गवतीचहा
बघते. जास्वंदीचं लावते, तिनेच काढायची ती. उद्या खोबरेल लावून बघते.

पेठेतला_टाइमलॉर्ड
रोरीचं नाव कसं नाही आलं अजून? नर्स आहे तो, नाइटड्यूटी तुमच्या जातभाईवर अन्याय. होणारी बायको पेटीत बंद म्हणून रोमन शिपायाच्या वेषात जवळजवळ दोन हजार वर्षं बाहेर पहारा. आमच्याकडे बायको साडी नेसतेय म्हणून वीस मिनिटं थांबवत नाही.

मुळामुठा
वहिनी इथे वाचतात का?

पेठेतला_टाइमलॉर्ड
स्वसंपादनाची सोय आहे ना इथे?

लाहोरी_मीठ
उशीरच झाला. एकच. डीमन्स ऑफ द पंजाब, २०१८. डॉक्टरची सोबतीण यॅझ, शेफील्डची पोरगी, आजीच्या फुटक्या घड्याळाचं कोडं सोडवायला १९४७ च्या ऑगस्टमध्ये जाते तर आजीचं लग्न एका हिंदू मुलाशी लागत असतं, प्रेम नावाच्या. आजीने घरात ते नाव कधी काढलेलं नाही. राक्षस वाटतात ते परग्रहवासी निघतात नुसते साक्षीदार, एकट्याने मरणाऱ्यांजवळ उभे राहणारे, आणि मारणारा प्रेमचा सख्खा भाऊ. शेवटची नेहमीची धून पण त्या दिवशी आपल्याकडच्या आलापात आहे.
उल्हासनगरला आमच्या खाली सिंधी आजी राहायच्या. एक पितळी कुलूप होतं त्यांच्याकडे, चिंचेने घासायच्या दर दिवाळीला. किल्ली होती, दार नव्हतं. मी लहानपणी विचारलं होतं कुठल्या दाराचं, तर म्हणाल्या जा खेळ.

मोगरा_ठाणे
बापरे.

कार्डिफची_सून
लाहोरी, असे दोन ओळींत सांगून पळायचं नाही. आजींचं सविस्तर लिही, वेगळा धागा काढ.

लाहोरी_मीठ
कुकर लावलाय, बघू.

मास्तरांची_कन्या
२०२५ च्या सीझनमधली सोबतीण बेलिंडा कोणाला आवडली का? पुन्हा नर्स, आणि पूर्ण सीझन एकच हट्ट, मला घरी सोड, माझी शिफ्ट आहे. टार्डिसमध्ये बसून शिफ्टची काळजी करणारी पहिलीच. काम करणारी वरदा सेतू केरळात जन्मलेली. मला फार आवडली पण शेवट जो केला तिचा त्यावर मी बोलणार नाही, बीपी वाढतं.

नाइटड्यूटी
शिफ्टवाली गोष्ट १००% खरी. ब्रह्मांड गेलं तरी रोस्टर जात नाही. शेवटाबद्दल मीपण बोलणार नाही. पण बोलायचं असेल तर वेगळं बोलू.

निवृत्त_मास्तर
कन्येने मला तो शेवट दाखवला नाही. म्हणाली तुम्हाला त्रास होईल.

मास्तरांची_कन्या
बाबा तुमची चारची गोळी.

कोकणी_डालेक
मोगराताई, ती रॅकेट कुरिअरने पाठवता येते का बघा. आणि मेतकुटाचं काय केलंत?

मोगरा_ठाणे
पहिल्याच दिवशी उघडलं काका. आम्ही दोघं मऊ भात खातोय. रॅकेट दाराच्या मागे उभी आहे, हे रोज अडखळतात आणि हलवत नाहीत.