दुपारी सोलर ट्रिप, संध्याकाळी लो व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरचा टॅप नक्की कुठे ठेवायचा?

शिकाऊ_तारतंत्री
२०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ९५ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची एलटी (घरांपर्यंतची कमी दाबाची) केबल, टोकाचा ग्राहक ३०० मीटरवर. छतावरचे सोलर बरेच वाढलेत. दुपारी टोकाला २५४-२५६ व्होल्ट येतं, इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद, थोड्या वेळाने चालू, परत बंद. टॅप (ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट व्होल्टेज पायरी-पायरीने बदलणारा स्विच) एक पायरी खाली घेतला की दुपार सुधारते, पण संध्याकाळी सोलर गेलं आणि लोड आला की टोकाला २०५. टॅप ऑफ-सर्किट आहे, सप्लाय बंद करूनच फिरवावा लागतो, रोज दोनदा कोण फिरवणार? इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.९५ लावा, म्हणजे तो थोडी रिॲक्टिव्ह पॉवर ओढून व्होल्टेज उतरवेल, असं सगळे सांगतात, त्याने खरंच फरक पडतो का?

कंडक्टरवेडा
पडतो, पण सांगतात तेवढा नाही. व्होल्टेज वाढ म्हणजे ढोबळमानाने (पी×आर + क्यू×एक्स) भागिले व्ही; पी म्हणजे खरी पॉवर, क्यू रिॲक्टिव्ह पॉवर (इन्व्हर्टर ओढत असेल तर वजा), आर रेझिस्टन्स, एक्स रिॲक्टन्स, व्ही व्होल्टेज. तुझ्या केबलचा आर किमीला ०.३२ ओहमच्या आसपास आणि एक्स जेमतेम ०.०८, म्हणजे ३०० मीटरला आर ०.०९६ आणि एक्स ०.०२४. ०.९५ वर क्यू हा पी च्या एक तृतीयांश, त्यामुळे केबलमधली वाढ फक्त ८ टक्क्यांच्या आसपास कमी होते. ट्रान्सफॉर्मरचा एक्स धरला तर जरा बरं चित्र दिसतं, तरी १५-२० टक्क्यांच्या पुढे नाही, आणि करंट ५ टक्के वाढतो तो वेगळाच. एचटी (उच्च दाबाच्या) ओव्हरहेड लाईनवर एक्स मोठा असतो, तिथे हाच उपाय जोरात चालतो, तिथला अनुभव लोक एलटीवर लावतात आणि मग म्हणतात काही झालंच नाही.

त्याआधी सांग, इन्व्हर्टर सिंगल फेज आहेत का आणि कुठल्या फेजवर? ६ किलोवॅटचा सिंगल फेज म्हणजे साधारण २५ अँपिअर, तो फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, दोन्हीकडे आर लागतो, म्हणजे टोकाला ४.८ व्होल्ट वाढ. तेच २५ अँपिअर तिन्ही फेजवर सारखे असले तर न्यूट्रलमध्ये काही नाही, वाढ २.४. एकाच फेजवर असे चार बसले की १९ व्होल्ट तिथेच गेले.

सबस्टेशनकाका
कंडक्टरवेडा बरोबर बोलतोय, पण आधी ट्रान्सफॉर्मरच्या एलटी टर्मिनलवर दुपारचं आणि रात्रीचं रीडिंग घे बाळा. तिथेच २४८ असेल तर केबलला दोष देऊन उपयोग नाही, दुखणं वर आहे. फिक्स कपॅसिटर बँक (रिॲक्टिव्ह पॉवर पुरवणारे, कायम जोडलेले कपॅसिटर) दिवसभर आत राहते का ते विचार, हलक्या लोडवर ती व्होल्टेज आणखी चढवते. आणि सबस्टेशनच्या ओएलटीसीला (सप्लाय चालू असतानाच टॅप बदलणारं यंत्र) लाईन ड्रॉप कॉम्पेन्सेशन (लोड वाढला की लाईनमधली घट भरून काढायला व्होल्टेज चढवणारी सेटिंग) लावलं असेल तर ते करंट बघून टॅप ठरवतं. सोलरमुळे करंट कमी दिसला की त्याला वाटतं लोडच नाही, ते व्होल्टेज उतरवतं, आणि त्याच बसवरचा (सबस्टेशनच्या त्याच सामाईक पट्टीवरून निघणारा) सोलर नसलेला शेजारचा फीडर, म्हणजे दुसरी लाईन, भर दुपारी लो व्होल्टेजने मरतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, तक्रार त्या फीडरची येते आणि सगळे तिथलेच जॉइंट तपासत बसतात.

इन्व्हर्टरवाली
फिक्स पॉवर फॅक्टर लावूच नका. सकाळी आठला व्होल्टेज ठीक असतानाही तो क्यू ओढत राहतो, फुकटचे लॉसेस. व्होल्ट-व्हार कर्व्ह लावा, म्हणजे व्होल्टेज चढेल तसाच क्यू ओढला जातो. आयईईई १५४७-२०१८ (सोलरसारखी निर्मिती ग्रिडला जोडण्याचं मानक) च्या कॅटेगरी बी मधला डिफॉल्ट असा: ठरलेल्या व्होल्टेजच्या ०.९८ ते १.०२ पटीपर्यंत काही नाही, मग हळूहळू वाढत १.०८ ला इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या ४४ टक्के क्यू शोषायचा. २३० वर १.०८ म्हणजे २४८. उतार फार तीव्र ठेवू नका, नाहीतर शेजारचे इन्व्हर्टर एकमेकांमागे धावून व्होल्टेज हलवत राहतात. त्याच्या जोडीला व्होल्ट-वॅट, १.०६ च्या पुढे पॉवर थोडी थोडी कमी करत १.१ पर्यंत, म्हणजे पूर्ण ट्रिप होण्याऐवजी काही युनिट तरी मिळतात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. कापलं जातं ते नेहमी टोकाच्या माणसाचं. ट्रान्सफॉर्मरजवळच्याचं सोलर दिवसभर मजेत चालतं, त्याच्याकडे व्होल्टेज चढतच नाही, आणि ज्याने तेवढेच पैसे घातलेत त्याचं दुपारी बंद, फक्त घर लांब आहे म्हणून. म्हणून सेटिंग एकट्या टोकाच्या घराला न लावता अख्ख्या फीडरवर सगळ्यांना लावायला हवं.

शिकाऊ_तारतंत्री
धन्यवाद सगळ्यांना. आज दुपारी रीडिंग घेतलं. टर्मिनलवर तिन्ही फेज २४१-२४२. टोकाला आर फेजला २५५, वाय फेजला २३९, बी फेजला २३३. सिंगल फेज इन्व्हर्टर जवळजवळ सगळे आर वर निघाले, कनेक्शन देताना जो फेज हाताला लागला तोच दिला असणार.

कंडक्टरवेडा
सापडलं की मग! बी टर्मिनलपेक्षा खाली आणि आर इतका वर, म्हणजे न्यूट्रलमधला ड्रॉपच बोलतोय. न्यूट्रलचे जॉइंटही तपासून घे, सैल असेल तर हेच चित्र आणखी वाईट दिसतं. मग काही इन्व्हर्टर वाय-बी वर हलव. फक्त संध्याकाळचा लोड कुठल्या फेजवर आहे ते बघून हलव, नाहीतर दुपार सुधारायची आणि रात्र बिघडायची.

सबस्टेशनकाका
आणि टॅपला आत्ता हात लावू नको. फेज बॅलन्स झाल्यावर आठवडाभर दहा-दहा मिनिटांच्या सरासरीचं लॉगिंग लाव, टोकाला आणि टर्मिनलला दोन्हीकडे. दुपारचं जास्तीत जास्त आणि रात्रीचं कमीत कमी यातलं अंतर २०७ ते २५३ मध्ये मावत असेल तर एकच टॅप पुरेल. नाही मावलं तर व्होल्ट-व्हार, आणि तेही कमी पडलं तरच जाड केबल किंवा ऑन-लोड टॅपवाला ट्रान्सफॉर्मर मागायचा, आकडे हातात असले की मागता येतं.